१८५३ च्या मुंबईतील अंगरखा: तयार पॅटर्न मिळेल का, की स्वतःच बेतावा लागेल?

गिरगावचा रहिवासी

नमस्कार. आमच्या चाळीतील हौशी नाट्यमंडळ येत्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या प्रवासी रेल्वेगाडीच्या स्मरणार्थ एक छोटा प्रयोग करणार आहे. १८५३ साली त्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित प्रवासी घेऊन ती गाडी निघाली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. प्रयोगात नाना शंकरशेट, एक पारशी व्यापारी, एका कचेरीतला मराठी कारकून आणि गाडी पाहण्यासाठी जमलेले स्त्रीपुरुष अशी पात्रे आहेत. संहिता तयार आहे आणि तालमीही सुरू झाल्या आहेत, परंतु पोशाखांपाशी आम्ही अडलो आहोत.

भाड्याने मिळणारे पोशाख आम्ही पाहिले. ते बहुतेक चकचकीत सॅटिनचे असतात, त्यांना मागे चेन किंवा वेल्क्रो असते आणि शिवकाल, पेशवाई व एकोणिसावे शतक या तिन्हींसाठी एकच कपडा पुढे केला जातो. प्रेक्षक अगदी जवळ, चाळीच्या चौकात बसणार असल्यामुळे हे आम्हाला पटत नाही. म्हणून कपडे स्वतः शिवून घ्यायचे ठरवले आहे. आमच्या नेहमीच्या टेलरकडे गेलो, तर ते म्हणाले की पॅटर्न आणून द्या, नाहीतर शेरवानीच्या कटवर बसवून देतो. इंटरनेटवर शोधले असता युरोपीय पोशाखांचे कागदी पॅटर्न विपुल सापडतात, पण मुंबईतील मराठी माणसाच्या अंगरख्याचा पॅटर्न मात्र कुठेच मिळाला नाही.

तेव्हा जाणकारांना विनंती आहे की असा पॅटर्न कुठे मिळू शकेल, कापड कोणते घ्यावे आणि शिलाई मशीनवर केलेली चालेल का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे. खर्चाची मर्यादा आहे, पण मेहनतीची तयारी आहे.

कापड आणि कात्री

नमस्कार. मी अनेक वर्षे शिवणवर्ग घेत आले आहे आणि जुन्या पद्धतीच्या कपड्यांची बेतणी हा माझ्या आवडीचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपण तयार पॅटर्न शोधणे थांबवावे, असे मी प्रथम सुचवीन. आजचा पॅटर्न माणसाच्या शरीरापासून सुरू होतो: मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या भागाची, गोलाई, खांद्याचा उतार, छातीचे टक्स हे सर्व कागदावर आखून मग ते कापडावर ठेवले जाते आणि मधले कापड चिंध्यांत जाते. अंगरख्याची बेतणी कापडाच्या पन्ह्यापासून, म्हणजे रुंदीपासून, सुरू होते. हातमागाचे कापड मोलाचे असे, त्यामुळे शिंपी पन्ह्याचे सरळ तुकडे पाडत असे आणि घेर हवा असेल तिथे तिरक्या कापाने कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असे तुकडे, काढत असे. आपल्या टेलरनी शेरवानीच्या कटवर अंगरखा बसवला, तर तो वरून कितीही सजवला तरी बाही आणि बगल यांपाशी आजचाच दिसेल, कारण शेरवानीचा मुंढा गोल कापलेला असतो आणि अंगरख्याची बाही अंगाला सरळ रेषेत जोडलेली असते.

आता प्रत्यक्ष बेतणी सांगते. समजा, अडतीस इंच छातीच्या आणि मध्यम उंचीच्या माणसासाठी पोटरीपर्यंत येणारा अंगरखा करायचा आहे आणि कापडाचा पन्हा ४४ इंच आहे. कमरेच्या किंचित वर, छातीखाली, एक आडवी शिवण येते. तिच्या वरचा भाग म्हणजे पाठीचा एक सरळ तुकडा आणि पुढचे दोन तुकडे, आणि तिच्या खाली कळ्यांचा घेर. कळ्यांसाठी तीस इंच लांबीचे, पूर्ण पन्ह्याचे दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येक तुकड्याचे रुंदीत अकरा इंचांचे चार भाग होतात. प्रत्येक भागात वरच्या कडेवर चार इंचांवर आणि खालच्या कडेवर सात इंचांवर खूण करून दोन्ही खुणा जोडणारी तिरकी रेषा आखावी आणि त्या रेषेवर कापावे. एका भागातून दोन कळ्या निघतात, त्यांतील दुसरी उलटी फिरवली की पहिलीसारखीच होते. अशा सोळा कळ्या मिळतात आणि कापडाचा एक तुकडाही वाया जात नाही. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच मार्जिन गेले की प्रत्येक कळी वर तीन आणि खाली सहा इंच राहते, म्हणजे वरचा घेर अठ्ठेचाळीस इंच आणि खालचा शहाण्णव इंच. वरच्या अठ्ठेचाळीसपैकी चाळीस इंच अंगाभोवती जातात आणि उरलेले आठ इंच पुढे एकावर एक येण्यासाठी लागतात.

प्रत्येक कळीची एक कड सरळ, म्हणजे उभ्या धाग्यातली, आणि दुसरी तिरकी असते. जोडताना एका कळीची सरळ कड शेजारच्या कळीच्या तिरक्या कडेला जोडावी, कारण दोन तिरक्या कडा एकत्र आल्या की ती शिवण लोंबते. पुढच्या दोन्ही उघड्या कडा सरळ यायला हव्यात, त्यासाठी आठ कळ्या पालटून घ्याव्यात, आणि मलमलीला उलटसुलट बाजू नसल्यामुळे ते सहज जमते. तसे केल्यावर पाठीच्या मध्यावर मात्र दोन तिरक्या कडा एकत्र येतात, तेव्हा त्या शिवणीत काठाची एक अरुंद पट्टी घालून तिला आधार द्यावा. घेर जोडून झाल्यावर कपडा रात्रभर टांगून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी खालची कड समान करून मगच दुमडावी.

बाहीसाठी पंधरा इंच रुंद आणि एकोणतीस इंच लांब असे दोन तुकडे घ्यावेत आणि मनगटाकडे आठ-नऊ इंचांपर्यंत निमुळते करावेत. बाही हातापेक्षा चार-पाच इंच लांब ठेवली म्हणजे मनगटावर चुण्या पडतात, आणि त्या काळच्या चित्रांत त्या स्पष्ट दिसतात. बगलेत पाच इंचांचा चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला, बसवायचा असतो. त्याच्या दोन कडा बाहीला आणि दोन कडा अंगाला जोडल्या जातात. बाही सरळ असूनही हात वर करता येतो तो या छोट्या चौकोनामुळेच, म्हणून वेळ कमी आहे या कारणाने तो गाळू नये.

हे सर्व मिळून सव्वातीन मीटरच्या आसपास कापड लागते. धुण्यात आटणारे कापड आणि बंदांच्या, म्हणजे अंगरखा बांधण्याच्या, पट्ट्या लक्षात घेऊन चार मीटर घ्यावे. प्रत्यक्ष मलमलीला कात्री लावण्यापूर्वी मांजरपाटाचा, म्हणजे जाडसर स्वस्त सुती कापडाचा, एक कच्चा अंगरखा शिवून पाहावा, आणि तोच उसवून आपल्या टेलरकडे द्यावा. त्यांना हवा असलेला पॅटर्न तोच होईल.

मूळजी जेठाचा शेजारी

ताईंनी बेतणी इतकी नीट सांगितली आहे की त्यावर बोलण्यासारखे काही उरलेले नाही. मी कापडापुरतेच लिहितो.

मंगळदास मार्केटमध्ये सुती मलमल आणि केंब्रिक सहज मिळते, पण तिथे मलमल म्हणून दाखवलेल्या प्रत्येक कापडात सूतच असेल असे गृहीत धरू नये. कडेचे दोन-तीन धागे मागून घ्यावेत आणि बाहेर येऊन जाळून पाहावेत. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची राख बोटांत भुगा होते, पॉलिस्टर मात्र वितळून त्याचा कडक मणी होतो. एप्रिलच्या उकाड्यात चौकात उभे राहायचे असल्याने ही परीक्षा नटांच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. घरी आणल्यावर कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून आणि इस्त्री करून मगच बेतावे.

कापड शुभ्र, निळसर झाक असलेले घेऊ नये. किंचित पिवळट पांढरे कापड अधिक योग्य दिसेल. १८५३ साली मुंबईत कापडगिरणी नव्हती, कारण कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. त्यामुळे आपल्या पात्रांच्या अंगावर एकतर देशी हातमागाचे किंवा विलायतेहून आलेले गिरणीचे कापड असणार. श्रीमंत पात्राला तलम मलमल आणि कारकुनाला जाडसर सुती कापड दिले, तर दोघांतील अंतर प्रेक्षकांना न सांगता कळेल.

रंगांच्या बाबतीत एक सूचना करतो. पहिला कृत्रिम जांभळा रंग इंग्लंडमध्ये १८५६ साली पर्किनला सापडला. त्यामुळे गडद जांभळा, राणी आणि पोपटी हे झगझगीत रंग या प्रयोगात नसावेत. निळीचा निळा, मंजिष्ठा किंवा आल या रंगाच्या झाडाच्या मुळांचा लाल, हळदीचा पिवळा, करडईच्या फुलांचा गुलाबी आणि लोखंडापासून केलेला काळा यांच्या जवळच्या छटा निवडाव्यात. शेल्यासाठी आणि स्त्रियांच्या लुगड्यांसाठी हे विशेष लक्षात ठेवावे.

छायाचित्रांचा अभ्यासक

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. पुराव्यांविषयी मी थोडी भर घालतो आणि शिलाईविषयी माझे मत सांगतो.

आपल्या प्रयोगाचा काळ असा आहे की चित्रांखेरीज छायाचित्रेही उपलब्ध आहेत. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्याच काळात विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील निरनिराळ्या समाजांतील लोकांची छायाचित्रे घेतली आणि पुढे १८६३ व १८६६ मध्ये ती दोन खंडांत प्रसिद्ध झाली. त्यांतील मागची दृश्ये बऱ्याचदा दुसऱ्या छायाचित्रांतून जोडलेली आहेत, परंतु माणसांचे कपडे खरे आहेत, आणि चित्र मोठे करून पाहिल्यास बंद कुठे बांधले आहेत, घेर किती आहे आणि अंगरखा पायांच्या कोणत्या भागापर्यंत येतो, हे नीट मोजता येते. फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये भारतीय कापडांचे सातशे नमुने अठरा खंडांत लावले. त्यांत कापडाच्या लांबी-रुंदीची मापे दिलेली आहेत आणि बेतणी पन्ह्यापासून सुरू होते, हे ताईंचे म्हणणे त्या मापांशी ताडून पाहता येते.

छायाचित्रात फक्त पुढची बाजू दिसते, पाठ दिसत नाही. त्यासाठी टाउन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, परवानगी घेऊन जावे. तिथे जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय या दोघांचेही संगमरवरी पुतळे आहेत, आणि हे दोघेही ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीशी थेट संबंधित होते. आपल्या नाटकातील एका मुख्य पात्राचा पोशाख कोरलेल्या दगडात चहूबाजूंनी पाहायला मिळतो, ही संधी सोडू नये. शाल खांद्यावरून कशी पडते आणि चुण्या कुठे गोळा होतात, याची वहीत रेखाटने करून घ्यावीत. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतील विविध समाजांच्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. त्या नंतरच्या काळातील असल्या, तरी पगड्यांतील फरक समजण्यासाठी त्यांचा चांगला उपयोग होतो.

डाव्या-उजव्याविषयी सावध राहावे. मुघल काळापासून जाम्याचे, म्हणजे अंगरख्यासारख्याच घेरदार कपड्याचे, बंद हिंदूंनी डाव्या बगलेखाली आणि मुसलमानांनी उजव्या बगलेखाली बांधण्याचा संकेत होता. आपल्या पात्रांसाठी तो पाळावा, मात्र संदर्भासाठी घेतलेले चित्र उलटे छापलेले नाही याची खात्री करून घ्यावी. डॅगेरोटाइप पद्धतीच्या छायाचित्रात उजवे-डावे मुळातच उलटे येते आणि शिळाप्रेसवरच्या चित्रांतही तसे घडू शकते. चित्रातील व्यक्तीने लेखणी किंवा तलवार कोणत्या हातात धरली आहे, हे पाहिले की बहुधा उलगडा होतो.

आता शिलाई. अमेरिकेत सिंगरने शिवणयंत्राचे पेटंट १८५१ साली घेतले. दोन वर्षांत ते गिरगावातल्या शिंप्याच्या दुकानात पोहोचले असेल, असे मानता येत नाही. माझ्या मते कपडा संपूर्ण हातानेच शिवला पाहिजे. मशीनची टीप सरळ आणि सारख्या ताणाची असते, आणि मलमलीसारख्या तलम कापडावर ती दोन हातांवरूनही ओळखू येते.

कापड आणि कात्री

टीप ओळखू येते, हे खरे आहे. परंतु एका अंगरख्यात सोळा कळ्यांच्या लांब शिवणी आहेत, मंडळाला असे अनेक अंगरखे करायचे आहेत आणि तालमीही चालू आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. माझा सल्ला असा की कळ्यांच्या आतल्या शिवणी मशीनवर घालाव्यात, मात्र त्यांची मार्जिन एकमेकींवर दुमडून हाताने तुरपावी, म्हणजे वरून हातशिलाईच दिसेल. पुढची उघडी कड, गळा, बाहीचे टोक, खालची दुमड आणि बंद हे सर्व मात्र पूर्णपणे हाताने करावे. प्रेक्षकाची नजर तिथेच जाते. नाना शंकरशेटांच्या भूमिकेतील अंगरखा तेवढा पूर्ण हातशिलाईचा करता आला, तर मला फार आनंद होईल. दोरा सुतीच वापरावा. पॉलिस्टरचा दोरा मलमलीवर चमकतो आणि ताण आला की कापडच कापतो.

गिरगावचा रहिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कळ्यांची आकडेमोड मी खाकी कागदावर करून पाहिली आणि ती अचूक जुळली.

दोन गोष्टी अजून स्पष्ट होत नाहीत. छातीवर अर्धगोल उघडा भाग दिसतो आणि त्याच्या आतून दुसरे कापड दिसते, ते नेमके कसे जोडलेले असते? दुसरे असे की पारशी व्यापाऱ्याला आणि स्त्रियांना काय द्यावे? आमच्या मंडळातील मुली शिवलेली नऊवारी घालायचे म्हणत आहेत, कारण ती सोयीची आहे.

कापड आणि कात्री

छातीवरचे ते आतले कापड म्हणजे पडदा. वरच्या पुढच्या तुकड्याला गळ्यापासून छातीच्या खालच्या शिवणीपर्यंत अर्धगोल काप दिलेला असतो. त्यातून अंग दिसू नये म्हणून आत एक सरळ तुकडा बसवतात. तो एका बाजूला खांद्याच्या आणि बगलेच्या शिवणीत कायमचा शिवलेला असतो, आणि दुसरी बाजू मोकळी असून तिला दोन बंद असतात. अंगरखा घालताना प्रथम हे आतले बंद बांधायचे, मग बाहेरचा भाग त्यावर आणून गळ्याशी, छातीशी आणि बगलेखाली बाहेरचे बंद बांधायचे. अर्धगोल कड तिरक्या धाग्यात कापली जाते आणि लगेच ताणली जाते, म्हणून कापल्याबरोबर तिला धावदोरा घालून ठेवावा आणि मग उरेब पट्टीने बंदिस्त करावी. बंदांसाठी इंचभर रुंदीच्या पट्ट्या दोन्ही कडा आत घेऊन पुन्हा मधोमध दुमडाव्यात आणि बारीक तुरपाईने शिवाव्यात. बाजारातील तयार नाडी वापरू नये, ती गोल आणि जाड असल्यामुळे गाठ उंच बसते.

कारकुनासाठी हीच बेतणी चालेल. कळ्या सोळाऐवजी बारा घ्याव्यात, त्यांची माथ्याकडची रुंदी एक इंचाने वाढवावी म्हणजे कमरेचा घेर तेवढाच राहील, आणि लांबी गुडघ्याच्या थोडी खाली ठेवावी. खाली धोतर आणि खांद्यावर उपरणे पुरेसे आहे.

लुगडे आणि खण

स्त्रियांच्या पोशाखाबद्दल मी लिहिते. शिवलेली नऊवारी या प्रयोगात वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. नऊ वारांचे, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपासचे, लुगडे नेसल्यावर कमरेपाशी जो भरीव बोंगा तयार होतो आणि मागे कासोट्याचा जो ताण दिसतो, तो इलॅस्टिक आणि शिवलेल्या निऱ्यांत येत नाही. गर्दीत उभे राहायचे आहे, पाटीत सामान घेऊन चालायचे आहे आणि खाली बसायचे आहे, आणि ही सर्व कामे नेसलेल्या लुगड्यात उत्तम होतात, एरवी पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी शेतात आणि बंदरावर कामे केली नसती. चाळीत नऊवारी नेसणाऱ्या आजी असतील, तर मुलींना त्यांच्याकडे बसवावे. चोळी खणाची असावी, बाही कोपराच्या वर, खणाचा काठ बाहीच्या टोकाला आणि पुढे गाठ. हुक आणि टक्स असलेला ब्लाऊज त्यावर अजिबात घालू नये.

पारशी व्यापाऱ्यासाठी पांढऱ्या सुती कापडाची डगली, म्हणजे पारशी पुरुषांचा वरचा कोट, शिवावी. तीही बंदांनीच बांधलेली असते, त्यामुळे बंदांबद्दल वर जे सांगितले आहे ते तिलाही लागू पडते. आत सदरा असतो आणि तो पवित्र वस्त्र असल्यामुळे नाटकासाठी त्याची नक्कल करू नये, साधा बिनकॉलरचा सुती अंगातला कपडा पुरे. डगली आणि पगडी कुणा परिचित पारशी कुटुंबाला विचारून पाहिल्याशिवाय अंतिम करू नये, इतकी माझी विनंती आहे.

छायाचित्रांचा अभ्यासक

पगडीचा उल्लेख आलाच आहे, तर एक लिहितो. सर्व मराठी पुरुषांना पुणेरी पगडी देऊ नये. मुंबईत पाठारे प्रभू, सोनार, भंडारी, ब्राह्मण यांच्या पगड्या आणि फेटे वेगवेगळे असत आणि समोरच्याला माणूस त्यावरूनच ओळखू येई. ज्या पात्राची जात किंवा व्यवसाय संहितेत स्पष्ट नाही, त्याला साधे मुंडासे बांधावे. ते चुकण्याची शक्यता सर्वांत कमी आहे आणि त्यासाठी फक्त लांब सुती कापड लागते.

कापड आणि कात्री

मांजरपाटाचा कच्चा अंगरखा झाला की तो घालून नटाला जमिनीवर मांडी घालून बसायला, दोन्ही हात डोक्यावर नेऊन पगडी सावरायला आणि रेल्वेच्या डब्यात चढतो तसे उंच पाऊल टाकायला सांगावे. बसताना छातीखालची शिवण वर सरकली, तर वरचा भाग इंचभर लांब करावा. हात वर केल्यावर सगळा घेर उचलला गेला, तर चौबगला सहा इंचांचा करावा. पाऊल टाकताना पुढची कड गुडघ्यावरून फाकली, तर कळ्या न वाढवता पुढचे आठ इंचांचे झाकण दहा इंचांचे करावे. या तीन बदलांची मापे कच्च्या अंगरख्यावरच खडूने लिहून ठेवावीत आणि मगच मलमल बेतायला घ्यावी.